श्यामलाबाईंचे पाण्यातले देव

श्यामलाबाईंच्या घरात देव चार. गणपती, रांगता बाळकृष्ण, महादेवाची पिंडी आणि माहेरून आलेली अन्नपूर्णा. चौघांना न्हाऊ घालायचं, पुसायचं आणि नवऱ्याच्या तक्रारी त्यांच्या कानावर घालायच्या, यात बाईंचा सकाळचा पाऊण तास जायचा. मी शेजारच्या दारातला. नारायण पेठेतल्या आमच्या बिल्डिंगच्या भिंती पातळ. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं, आणि मी तसं कधी म्हटलंही नाही.

नवरा श्यामसुंदर. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात छत्तीस वर्षं काडतुसांचं पितळ तपासलं, तेही सायकलने जाऊन-येऊन. त्याचा देवावर विश्वास नव्हता, देवाच्या धातूवर होता. बाळकृष्ण उचलायचा, नखाने टणटण वाजवायचा आणि म्हणायचा, "अगं, ओतीव काम कच्चं आहे. आमच्याकडे हा पास झाला नसता."

"तुम्ही तरी कुठे झाला असतात?" बाई म्हणत. "आमच्या अण्णांनी केलं पास."

एकदा माझ्यासमोरच त्याने विचारलं, "ह्या अन्नपूर्णेच्या हातात पळी कशाला गं?"

"वाढायला."

"मग वाढत का नाही?"

"रोज दोनदा जेवता. कोण वाढतं असं वाटतं तुम्हाला?"

त्यावर तो गप्प बसला. श्यामसुंदर गप्प बसल्याचा हा आमच्या बिल्डिंगमधला एकमेव नोंदलेला प्रसंग.

अन्नपूर्णा सासरी येते ती नवरीबरोबरच. लग्नाच्या दिवशी नवरी तिची पूजा करत बसते आणि मग तिला घेऊनच निघते. बाईंची अन्नपूर्णा वाटीभर तांदळात बसलेली असायची. घरात अन्न शिजलं की आधी तिला नैवेद्य, मग श्यामसुंदरला ताट, मग बाई. चव्वेचाळीस वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नाही.

परवाच्या मार्गशीर्षात थंडी कडाक्याची पडली आणि श्यामसुंदरला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात नेला तो थेट अतिदक्षता विभागात. बाई तासाभरासाठी घरी आल्या आणि आई-आजीने जे केलं असतं तेच त्यांनी केलं. तांब्याच्या तपेल्यात पाणी भरलं आणि चारही देव त्यात बुडवून ठेवले, डोकी पाण्याखाली. "हे घरी येईपर्यंत बाहेर काढणार नाही," असं त्यांना स्वच्छ सांगितलं. देवाचा श्वास कोंडला की तो धावून येतो, अशी ही आपल्या बायकांची समजूत. एरवी सोवळ्याने शिवायचं, आणि अडचण आली की मुंडकं पाण्यात. मी हे बोलून दाखवलं, तेव्हा बाईंनी माझ्या तोंडावर दार लावलं.

पण देव पाण्यात म्हणजे नैवेद्य नाही. नैवेद्य नाही म्हणजे बाई जेवणार नाहीत. चहा आणि एखादं केळं, एवढ्यावर त्या दवाखान्याच्या बाकावर बसून राहिल्या. गुरुवारी पेठेत पाणी बंद होतं. घरात होतं तेवढं पाणी आधी तपेल्यात गेलं.

सहाव्या दिवशी त्यांना आत सोडलं. मी काचेबाहेर उभा. श्यामसुंदरच्या तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. बाईंनी वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने बोटांनी पेन मागितलं आणि औषधाच्या चिठ्ठीमागे दोन शब्द लिहिले. बाई चक्क हसल्या. चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय लिहिलंय?"

"तुम्हाला कशाला हव्यात नवरा-बायकोच्या गोष्टी, भावोजी?"

मी तीन दिवस रुसून होतो. तिसऱ्या दिवशी श्यामसुंदर गेला.

सुतकात देवाला शिवायचं नाही, म्हणून दहा दिवस कुणी तपेल्याकडे पाहिलं नाही. मुलगा पुष्कर कॅनडाहून आला, तेरावं करून निघाला. जाताना म्हणाला, "आई, देव काढून ठेवू का?"

"हात लावू नकोस."

तो गेल्यावर बाईंनी चेतन गुरुजींना बोलावलं. चेतन गुरुजी म्हणजे स्कूटरवरून येणारा, कानात फोनची बोंडं घातलेला, पण मनाने सरळ मुलगा. बाईंनी विचारलं, "काम झालं नाही, तर देव पाण्यातून कधी काढायचे?"

त्याने कानातली बोंडं काढली. "काकू," म्हणाला, "मुळात ठेवायचंच कुठे लिहिलेलं नाही. मग काढायचं कुठून असणार?"

बाईंनी माझ्या बायकोला विचारलं, जुन्या मैत्रिणींना फोन केले. सगळ्यांना आठवत होत्या त्या देव धावून आल्याच्या गोष्टी. कुणाचा मुलगा दहावी पास झाला, कुणाच्या सासऱ्यांची गाठ साधी निघाली. ज्यांच्यासाठी देव आला नाही, त्या बायकांनी पुढे काय केलं, हे कुणीच कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मग बाईंनी विचारणं सोडलं. भिंतीपलीकडून सकाळी काही ऐकू येईना. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागला. एकदा जिन्यात चक्कर येऊन बसल्या. डॉक्टर म्हणाले, दुसरं काही नाही, जेवा. मी भांडलो, माझी बायको रडली.

"काढले तर मी मान्य केल्यासारखं होईल," बाई म्हणाल्या. "हे घरी यायचेत. अट तीच होती." आवाज इतका साधा, की मला भीती वाटली.

रथसप्तमीला मी बायकोने दिलेला मऊभात घेऊन गेलो. स्वयंपाकघरात तपेलं तसंच होतं. पाण्यावर हिरवट साय धरलेली, बाळकृष्णाचं नुसतं टाळकं दिसत होतं. मला राग आला, आणि रागात माझी जीभ नेहमीसारखी वाकडी चालली.

"वहिनी, श्यामसुंदर असता तर म्हणाला असता, सरकारी माल असा भिजत ठेवला तर नोकरी जाते."

मला वाटलं, दार दाखवतील. त्या आत गेल्या, पर्स घेऊन आल्या आणि ती चिठ्ठी माझ्या हातात दिली. अक्षर थरथरलेलं, पण त्याचंच. 'काढ. गारठतील.'

"मी सांगितलं होतं ह्यांना, देव पाण्यात ठेवलेत म्हणून," बाई म्हणाल्या. "हे वाचलं आणि वाटलं, चेष्टा सुचतेय म्हणजे बरे होतायत. लागू पडतंय, आता मुळीच काढायचे नाहीत. मान हलवून नाही म्हटलं मी त्यांना." मग म्हणाल्या, "शेवटचं मागितलं ते एवढंच."

मी चिठ्ठी होती तशी घडी घालून परत दिली.

मग त्या उठल्या. श्यामसुंदरचा तपकिरी मफलर खुंटीवरून काढला, जमिनीवर पसरला आणि तपेल्यात कोपरापर्यंत हात घातला. एकेक देव बाहेर आला, काळाहिरवा, बुळबुळीत. बाळकृष्ण उचलला तर आत पाणी खळखळलं. पोकळ मूर्ती, खाली कुठेतरी बारीक भोक. बाईंनी त्याला उलटा धरला. पाणी थेंबथेंब पडत राहिलं आणि त्या धरून राहिल्या.

"ओतीव काम कच्चं आहे म्हणायचे," त्या म्हणाल्या. "खरं होतं हो."

चौघांना त्यांनी मफलरने पुसलं, अगदी कानामागेसुद्धा. अन्नपूर्णेच्या वाटीतल्या तांदळात पोरकिडे झाले होते. ते काढून टाकले आणि तिला तशीच मफलरवर बसवली. मग माझ्या हातातला मऊभात घेतला. नैवेद्यासाठी पाण्याचं चौकोनी मंडल नाही, तुळशीचं पान नाही. देवांसमोर मांडी घातली.

"आज आधी मी जेवणार," त्यांनी चौघांना सांगितलं. "तुम्ही बघा."

पहिला घास गेला, दुसरा गेला. तिसरा घशात अडकला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी घाईघाईने उठलो. "वहिनी, पाणी आणू?"

त्यांनी हातानेच मला खाली बसवलं, घास गिळला.

"आता पाण्याचं नाव काढू नका, भावोजी."