नेल्लोची बाजू

इटलीतल्या मोदेनात रस्त्यावरच्या शर्यतीत पळणाऱ्या गाड्यांचा पत्रा आम्ही हातानं ठोकत असू. प्रत्येक गाडीची डावी बाजू ओरेस्तेची, उजवी नेल्लोची. नेल्लोचा मडगार्ड नेहमी थोडा फुगीर व्हायचा. "गाडीला गालगुंड झालंय रे!" असं ओरेस्ते त्याला जन्मभर चिडवत आला.

नेल्लो वारल्यावर त्या दोघांनी ठोकलेली एक जुनी गाडी उजवीकडून चेपून आली. तसल्या गाड्या आता मोजक्याच उरल्यात. म्हातारा ओरेस्ते पुन्हा हातोडी घेऊन बसला. पत्रा ठोकायचा, हात फिरवून बघायचा, पुन्हा ठोकायचा. मडगार्ड फुगीरच होत चालला.

मी म्हणालो, "आता तरी तुझ्यासारखा कर की! नेल्लो काय भांडायला येतोय?"

"येत नाही, म्हणून तर त्याचा त्याच्यासारखा ठेवतोय," तो म्हणाला. "तू पत्रा घट्ट धर."