एका खेपेच्या बॅटऱ्या

१९७४ साल. मी तेवीस वर्षांचा. शाळा तिसरीतच सुटली होती, पण वस्तीचा भोंगा माझ्या हातात होता. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नसे. गावात वीज नव्हती. भोंग्याचं मशीन दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून चाले.

बुद्धपौर्णिमेला माय गाणार होती. नदीपल्याड दिलेली माझी धाकटी बहीण ओली बाळंतीण, तिला येणं नव्हतं. माय म्हणे, "मायी पोरगी घरातून आइकन, असा आवाज जाऊ दे." अन् नेमकी एक बॅटरी बसली.

मालेगावचा दुकानदार म्हणाला, "एक चांगली हाय ना तुयापाशी? मंग दोन कायले?"

"म्हातारा बैल अन् गोऱ्हा एका जुवाले जुपतेत का शेठ?"

त्यानं दोन काढल्या. एक तेजाब भरून कधीची ठेवलेली, एक कोरी. मी मानलं नाही. दोन्ही एकाच खेपेच्या पाहिजेत, माझ्यासमोर भरा, एकाच तारेवर चार्ज करा.

"लगन लावाचं हाय काय बे या दोघीचं?"

"लावा. मी हावो ना वऱ्हाडी."

बसलो बाकावर. दोघींत तेजाबाचे बुडबुडे सारखेच उठत होते, जुळी लेकरं झोपेत श्वास घेतात तसे. डोळा लागला की नदीच दिसे.

घरी मायनं बुद्धवंदनेत मनगटाला बांधतात तो पांढरा दोरा दोघींना गुंडाळला.

दिवस बुडता बुडता कडुलिंबावर बांधलेल्या भोंग्याचं तोंड नदीकडं केलं. माय गाऊ लागली. आवाज कोरड्या वाळूवरून गेला, पल्याडच्या टेकडीला लागून हळूच परत आला. आपलाच आवाज आपल्याकडं येताना ऐकून माय थबकली, अन् दुसरं सोडून तिसरंच कडवं धरलं. चांद वर येऊन राह्यला होता. तोही ऐकत असावा असं वाटलं. बॅटऱ्या शेवटपर्यंत दमल्या नाहीत. लोक उठले तरी माय तिथंच, नदीकडं पाहत. "पोचलं असन काय रे?"

सकाळी चहा न घेता नदी ओलांडली. बहीण खाटेवर, लेकरू कुशीत. मी विचारायच्या आतच म्हणाली,

"दादा, मायनं दुसरं कडवं काहून सोडलं रे?"

मी पाणीही न पिता मागं फिरलो, मायले सांगाले.