बाबांचं क्रिएटिनिन

बायोकेमिस्ट्रीत बी.एस्सी. झालेली बोरी अरबमधली मी पहिली मुलगी. दुसरी कोणी झाली नाही, कारण माझं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

हा विषय बाबांनी निवडला होता. ते बाजाराजवळ फवारणीचे पंप दुरुस्त करतात. गावात एकदा सिकलसेल तपासणीचं शिबिर लागलं. पांढऱ्या कोटातल्या एक बाई रक्त तपासत होत्या. बाबांनी थेट त्यांनाच विचारलं, मॅडम, तुमी काय शिकल्या? त्या म्हणाल्या, बायोकेमिस्ट्री. झालं! त्यांच्याजवळ आणखी कोणकोणती सर्टिफिकेटं होती, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

तीन वर्षं मी एसटीने यवतमाळला येजा केली, कॉलेजात पहिली आले आणि दारव्ह्याच्या एका लॅबमध्ये नोकरी मागायला गेले. मालकाने विचारलं, "डीएमएलटी हाय का?"

"नाही सर. बी.एस्सी. बायोकेमिस्ट्री."

"मंग तुले ठेवून काय करू? सुई टोचता येत नाही, मशीन चालवता येत नाही."

शेवटी रिपोर्ट टाइप करायला ठेवलं, हेही उपकारच म्हणायचे. शेजारच्या मशीनवरची मुलगी बारावीनंतर डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा दोन वर्षांचा कोर्स करून आलेली, तिला माझ्या दुप्पट पगार. मशीनच्या आत काय घडतं ते मला पाठ होतं आणि बटण कोणतं दाबायचं ते तिला. बटणाचे पैसे मिळतात, पाठांतराचे नाही. फार राग यायचा. तिचा नाही, माझाच.

एम.एस्सी. केलं तर काही होईल, असं वाटायचं. पुढे शिकलेल्या मुलींना फोन लावले. एक कॉलेजात तासिकांवर शिकवत होती, उन्हाळ्यात तिचा पगार बंद. दुसरी तपासणीच्या किटा बॅगेत घालून लॅब-लॅब हिंडत होती. तिसरी तेवढी पुण्याला चांगल्या कंपनीत लागली होती. मी पहिल्या दोघींना विसरून गेले आणि तिसरीच्या भरवशावर फॉर्म भरला.

नागपूरच्या यादीत माझं नाव लागलं. फी माफ होती, पण खोली आणि मेस आपल्या खिशातून, स्कॉलरशिप मागाहून येते. सीट गुरुवारपर्यंत पक्की करायची होती. आमच्याकडे पोरगं पास झालं की रविवारी विहारात वंदना झाल्यावर माइकवरून नाव सांगतात, वही-पेन देतात. बाबांना पास होण्याची वाट पाहण्याचाही दम नव्हता. त्यांनी स्वतःच माइक हातात घेतला. "आपली पोरगी नागपूरले एम.एस्सी.ले लागली." आत्या रडायला लागली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि खरं सांगते, आनंदही झाला.

बाबांच्या पायांवर महिन्यापासून सूज होती. कंबर दुखते म्हणून ते वर्षानुवर्षं मेडिकलमधून गोळ्या आणून खात होते. सोमवारी मी त्यांना बळेच लॅबमध्ये आणलं. दुपारी रिपोर्ट टाइप करायला माझ्याकडेच आला. क्रिएटिनिन, म्हणजे किडन्या किती काम करतात त्याचा आकडा, जिथे एकच्या आसपास हवा, तिथे नऊ. मी शेजारच्या मुलीला सॅम्पल परत लावायला लावलं. पुन्हा नऊ. कोणी काही समजावून सांगायची गरजच नव्हती. तीन वर्षं शिकले ते सगळं त्या एका ओळीत कामाला आलं. बाबांचं नाव मी तीनदा चुकीचं टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी यवतमाळला मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, सोबत कोणीतरी लागेलच. आई शाळेत खिचडी शिजवते, आठवड्याला दोन खाडे केले की तिचं काम गेलं. भाऊ मला नाही. उरले मी.

बाहेर बाकावर बसून बाबा म्हणाले, "परवा सीट पक्की करा लागते नं तुले? तू जाय. माह्यं मी पाहून घेतो. दवाखाना कुठं पळून राह्यला?"

मी त्यांना ओळखते. सीट त्यांच्यासाठी सोडली असं कळलं असतं, तर ते डायलिसिसच्या खाटेवर आडवेच झाले नसते. गुरुवारी मी काहीच केलं नाही. दिवसभर लॅबमध्ये दुसऱ्यांच्या साखरा टाइप करत बसले. पाच वाजले, मुदत संपली. घरी येऊन म्हटलं, "बाबा, नवी यादी लागली. माह्यं नाव कटलं."

"काहून?"

"माह्याहून जास्त मार्कवाल्या पोरी आल्या."

 एकदा तरी बाबा रागावतील, नागपूरला फोन लाव म्हणतील, असं वाटत होतं. ते उठले आणि दुरुस्तीला आलेला पंप खोलून बसले. शनिवारी डायलिसिसला मात्र निमूट चालले.

सिस्टरने नळ्या लावल्या आणि त्यांचं मन रमवायला विचारलं, "काका, पोरगी काय करते?"

"शिकवली आपन," बाबा म्हणाले. मग आवाज उतरवून, माझी लाज झाकावी तसे बोलले, "पन डोक्यानं जराशी कमी हाय. तिले काही बोलू नका."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली.