आधी पोराजवळ बसा

कोणाविषयी काही लिहावे एवढी माझी तयारी नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात अक्षर गिरवणारा मीच पहिला. परीक्षेचे पेपर सोडले तर मी फारसे काही लिहिलेले नाही. पण आमच्या हेडमास्तरांवर दुसरे कोणी लिहील असे दिसत नाही. म्हणून भीत भीत बसलो आहे. चुकले तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

त्यांचा हात मला पहिल्यांदा आठवतो. कोणी तावातावाने शाळेच्या दारात उभा राहिला की ते उजव्या हाताचा पंजा जमिनीकडे करत आणि हलकेच दोनदा खाली दाबत. मग म्हणत, "आधी पोराजवळ बसा. मग बोला."

आमचे गाव किन्हीराजाच्या बाजूचे. शाळा म्हणजे एक लांब खोली आणि तिच्यात चार इयत्ता. ते नावालाच हेडमास्तर, कारण हाताखाली कोणीच नव्हते. तक्रारी मात्र भरपूर. पोराला मारले, पोराला मारत नाही, पोरगा शिकला आणि ढोरे राखायला लाजतो, पोरगा शिकत नाही मग पाठवू कायले. मास्तर वाद घालत नसत. तक्रार करणाऱ्याने तरटपट्टीवर आपल्या पोराशेजारी तासभर बसायचे, शाळा बघायची आणि मग बोलायचे, असा त्यांचा नियम होता. त्यासाठी पट्टीचे एक टोक ते रोज रिकामे ठेवत. एखाद्या घरात पाहुण्यासाठी पाट ठेवतात ना, तसे.

एकदा आमच्या आळीतली एक बाई खराटा हातात घेऊनच आली. "काहून मारलं माह्या लेकराले? तुमचे हात सळसळ करून राह्यले का?"

पंजा दोनदा खाली दाबला गेला. बाई बसली. थोडा वेळ फणफणली. मग काय करावे सुचेना म्हणून लेकराचे डोके मांडीवर ओढून उवा काढू लागली. मास्तर म्हणाले, "काढा, काढा. पण पाढे कानावर पडू द्या." तास संपला तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "मास्तर, याले आणखीन एक द्या जी. सारे पोट्टे पाटीत पाहून राह्यले, अन् हा चिमन्या पाहून राह्यला."

गावच्या पाटलांनी तर नोकराच्या डोक्यावर घरची खुर्ची आणवली होती. मास्तरांनी तिच्यावरून हात फिरवला. "खुर्ची छान आहे. पण पोरगा खाली आहे." पाटील लाल झाले, तरी बसले. बाजूच्या पोराने हळूच विचारले, "पाटीलबाबा, सतरा पंचे किती?" पाटील तासभर मिशीला पीळ देत राहिले. जाताना, कशाची तक्रार होती तेच ते सांगून गेले नाहीत. खुर्ची परत नेताना नोकर हसू दाबत होता, आणि मास्तर खडू शोधायचे निमित्त करून खाली वाकले होते.

मी त्यांना एकदा विचारले होते की लोक एवढे भांडायला येतात, तुम्हाला राग येत नाही का? ते म्हणाले, "भांडायला येतात तोवर शाळा त्यांची असते, बाळ." मला तेव्हा ते कळले नाही.

मी चौथीत असताना माझा बा आला. तो भांडायला आला नव्हता, हळू आवाजात काहीतरी विचारायला आला होता. तरी नियम तो नियम. बा माझ्याजवळ बसला, पण त्याने पाटीकडे पाहिले नाही की फळ्याकडे. तो सारा वेळ वर पाहत होता. छताची मधली तुळई वाळवीने खाल्ली होती. तिच्यातून बारीक भुसा पडायचा. आम्हाला त्याची सवय होती, आम्ही त्यात बोटाने अक्षरे काढायचो. त्या दिवशी तो बाच्या पागोट्यावर पडत राहिला.

तास झाला. बा उठला. "मास्तर, मी पोराजवळ बसलो. आता तुमी सांगा. हे याइच्या डोक्यावर आलं, तं मी कोनाजवळ बसू?"

पंजा अर्धा वर आला आणि तिथेच राहिला. 

दुसऱ्या दिवशी आम्ही बाहेर कडुनिंबाखाली बसलो, आणि मास्तर छत्री काखेत धरून तालुक्याला, वाशीमला, शाळाखात्याच्या साहेबांच्या कचेरीत गेले. परत आले तेव्हा बायामाणसे वाटेतच थांबली होती. "काय म्हने साहेब?"

"लढाई चालू आहे म्हणाले. लाकूड, लोखंड काही मिळत नाही. लढाई संपली की बघू."

"लढाई कोठी, अन् आमची तुळई कोठी!" बा म्हणाला. लोक हसले. मास्तरही हसले. त्या प्रकरणात गाव एवढेच एकदा हसले.

निंबाखाली उन्हाळा निघाला, पण पावसाळा निघेना. तेव्हा पाटील स्वतः आले आणि या वेळी खुर्चीशिवाय आले. "मास्तर, मारुतीच्या देवळात भरवा शाळा. मंडप मोठा हाये. मी सांगतो पुजाऱ्याले."

मास्तरांचा चेहरा उजळला. मग त्यांनी विचारले, "सगळी मुले ना?"

"सारी."

"महारवाड्यातली?"

पाटील दुसरीकडे पाहू लागले. "तुमी बी कमाल करता मास्तर. ते कसे येतीन देवळात? त्याइले सोडून."

शाळेत महारवाड्यातली मुले तरटपट्टीच्या दाराकडच्या टोकाला बसत. बाहेर नाही, आत. त्यावरून पूर्वी तक्रारी आल्या होत्या, आणि त्या करणारेही याच पट्टीवर तासभर बसून गेले होते. मास्तरांनी पट्टीच्या त्या टोकाकडे पाहिले. मग म्हणाले, "त्यांचे बाप आले, तर मी त्यांना कुठे बसवू पाटील? पोराजवळ बसा म्हणजे पायरीखाली बसा, असं सांगू?"

"म्हंजे आमची लेकरं पावसात भिजवता तुमी, त्याइच्यासाठी?"

"हो," मास्तर म्हणाले. त्या एका शब्दाने सारे फिरले.

तुम्ही म्हणाल, गाव वाईट होते. तसे नव्हते. ज्यांची लेकरे तापाने फणफणली, त्या आयांना मी काय दोष देऊ? त्यांनी भांडायचे सोडून दिले, एवढेच झाले. पोर आजारी आहे, ढोरांमागे माणूस नाही, वेचणी आहे, असे निरोप येऊ लागले. मग निरोपही येईनात. खराटेवाल्या बाईचा तो चिमण्या पाहणारा पोरगा यायचा थांबला. पाटलांचा मुलगा मामाच्या गावी गेला. शेवटी महारवाड्यातली मुलेही मजुरीला लागली. मास्तर तरीही रोज निंबाखाली पट्टी अंथरत आणि तिचे एक टोक रिकामे ठेवत. त्या टोकावर निंबोळ्या पडत. कोणीही तक्रार करायला आले नाही.

मला त्यांनीच बाच्या मागे लागून पुढे शिकायला वाशीमला पाठवले. सुटीत गावी गेलो की ते भेटत. छत्री तीच होती, तिच्या काड्या आता बाहेर आल्या होत्या. "साहेबांना भेटून आलो," म्हणत. साहेब काय म्हणाले ते सांगत नसत. लढाई संपली. त्यानंतरच्या पावसाळ्यात तुळई पडली. खाली कोणी नव्हते. मग कचेरीने कळवले की इमारत नाही आणि मुलेही नाहीत, तेव्हा शाळा बंद. मास्तर पेन्शनीवर गेले. स्वतःच्या गावी जायचे सोडून ते आमच्याच गावात राहिले आणि तालुक्याला खेटे घालत राहिले.

बा एकदा कापसाची गाडी घेऊन वाशीमला गेला होता, तेव्हा त्याला ते कचेरीच्या वऱ्हांड्यात भिंतीला लागून उभे दिसले. बाकडे शेजारीच होते. बा म्हणाला, "मास्तर, बसा नं जी. पाय दुखले असतीन." मास्तर म्हणाले, "साहेबांनी बोलावलं की बसतो."

मी आता अमरावतीला कॉलेजात आहे. गेल्या महिन्यात बा वसतिगृहाच्या दारात उभा दिसला. तो पूर्वी कधी इकडे आला नव्हता. धोतर धुळीने भरले होते. मी घाबरलो. "बा, काय झालं? घरी बरं हाये नं?"

तो आत आला. मी खाटेवरची पुस्तके बाजूला केली, पण तो खाटेवर बसला नाही. मी सतरंजीवर अभ्यास करत होतो, तिथे माझ्याजवळ येऊन बसला. माझ्या वहीकडे पाहत राहिला. त्याला वाचता येत नाही. बाहेर मुले येत-जात होती. मी पुन्हा विचारले नाही. त्याने किती वेळ घेतला हे मला सांगता येणार नाही, पण तो पुरता बसला आणि मग बोलला.

"मास्तर गेले. तेथीच, कचेरीच्या वऱ्हांड्यात. उभ्यानंच गेले म्हनतात."