एकाच गिअरची स्कूटर

आमच्या वाडीच्या चढावर शेवटून दुसरं वळण आहे, तिथं आबांच्या स्कूटरचा पहिला गिअर सुटायचा. ठक् असा आवाज व्हायचा, इंजिन नुसतंच किंचाळायला लागायचं आणि गाडी मागं यायची. आबा उजव्या पायानं ब्रेक दाबून धरायचे. मागं पेंडीचं पोतं आणि दुधाचे रिकामे कॅन. एवढ्या ओझ्याला ब्रेक पुरायचा नाही, गाडी सरकतच राहायची. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला घळ, आणि तिच्याही खाली धरणाचं पाणी.

गाडीच्या मागं माझी आई चालत असायची. हातात दगड घेऊन.

त्या दगडाला आमच्याकडं उटी म्हणतात. बैलगाडी चढाला थांबली की चाकामागं सारतात तो. आता बैलगाड्या राहिल्या नाहीत, पण उटी आईच्या हातात राहिली होती. ठक् ऐकू आलं की ती वाकायची, चाकाखाली दगड सारायची आणि बाजूला व्हायची. मग आबा पुन्हा क्लच दाबून पहिला टाकायचे, आणि आई दगड उचलून पुन्हा मागं.

आबांचा डावा पाय लहानपणापासून बारीक आहे. त्यांना मोटारसायकल चालवता येत नाही, कारण तिचा गिअर डाव्या पायात असतो. या जुन्या स्कूटरचा गिअर मुठीत आहे, आणि दोन्ही बाजूंना जादा चाकं बसवून घेतली आहेत. याच गाडीवर ते सकाळी वाडीचं दूध हिर्डोशीच्या बाजूला खाली नेऊन घालतात, आणि याच गाडीवर त्यांनी मला रोज फाट्यापर्यंत सोडलं म्हणून मी भोरच्या कॉलेजात बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. हे मी चारचौघांत सांगते, आणि मान वर करून सांगते.

लोक म्हणतात, बिनगिअरची नवी घ्या की. शेजाऱ्याला त्याची चालवायला सांगून आबांनी बघितलं होतं. पोतं घेऊन ती अर्ध्या चढापर्यंत आली, मग जळकट वास सुटला आणि थांबली ती थांबली.

आता मी नोकरीला भोरलाच असते. एका रविवारी मी तिथून घरी आले होते आणि चढावर आईच्या बरोबरीनं चालत होते. ठक् झालं. आई वाकली, पण जादा चाक दगडावर चढून गाडी घळीच्या अंगाला तिरकी झाली आणि उटी आईच्या बोटांवर बसली. मी मागून कॅरिअर धरलं, आबा ब्रेकवर उभेच राहिले म्हणा ना, आणि गाडी थांबली. आईनं हात काढला. दोन नखं काळीनिळी. ती एवढंच म्हणाली, "पोतं फाटलं का बघ गं."

रात्रीच्या जेवणाला आबांनी भाकरीला हात लावला नाही.

"पुढल्या आयतवारपातूर तो पार्ट मिळाला तर मिळाला," ते म्हणाले. "न्हाईतर गाडी भंगाराच्या टेम्पोत घालतो. तुज्या आईच्या बोटांवरनं मला दूध न्यायचं न्हाई."

"मग तुम्ही कसं जाणार-येणार?"

"न्हाई जायाचं. बसायचं घरात."

आबा घरात बसायचं म्हणतात म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. तो चढ त्यांना पायी होत नाही. गाडी गेली की फाट्यावरच्या चहालासुद्धा कुणाची तरी विनवणी. माझे आबा विनवणी करणाऱ्यातले नाहीत. ते चहाच सोडतील. आठवडाभर कॅन न्यायचं शेजाऱ्यानं कबूल केलं, आणि मी भोरला आले.

पार्ट म्हणजे गिअरचा क्रॉस. तळहातावर मावेल असा चार फाट्यांचा लोखंडी तुकडा. गिअर बदलला की तो इंजिनाच्या आत पुढं-मागं सरकतो आणि एकेका चक्राला पकडतो. फाट्यांचे कोपरे झिजून गोल झाले की ओझ्याखाली पकड सुटते. आमच्या मिस्त्रीनं दोनदा नवा घातला होता. दोन्ही महिन्याभरात गोल. बाजारात मिळतो तो मऊ, आणि मूळ कंपनीचा आता येत नाही.

तरी मी भोरमधल्या दुकानात गेले. दुकानदारानं चकचकीत डबी पुढं केली.

"ओरिजनल. डोळे झाकून न्या, ताई."

"उघडे ठेवूनच नेते," मी म्हटलं आणि पर्समधून कानस काढली.

ही आईची रीत. जत्रेत विळा घेताना ती कडेला कानस लावून बघते. कानस घसरली तर पोलादाला पाणी नीट दिलेलं, चावली तर विळा आठवड्याचा सोबती. लोखंड ते लोखंड. विळ्याला लागू ते क्रॉसला का नाही?

"ओ, ओ! कानस मारलेला माल मी कुणाला विकू?"

"घसरली तर हा मीच घेते. चावली तर कुणालाच विकू नका."

गिऱ्हाइकं बघायला लागली म्हणून त्याला नाही म्हणता येईना. मी कोपऱ्यावर एकदाच कानस ओढली. पांढरी स्वच्छ रेघ उमटली आणि बोटाला लोखंडाची पूड लागली.

"घरातल्या गड्यामाणसाला पाठवा बरं," दुकानदार म्हणाला. "तुम्हाला काय कळणार यातलं?"

"रेघ तुम्हालाही दिसतीय की," मी म्हटलं. गावातली दोन दुकानं उरली होती, आणि संध्याकाळपर्यंत तिथंही तीच रेघ उमटली.

गुरुवारी मावशीचा फोन आला. मावशी वेल्ह्याला दिलेली. तिला सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "पासलीत एकाच्या गोठ्यात आबांच्या गाडीची जुळी बहीण हाय. कोंबडी बसती तिच्यावर. पण म्हातारा हात लावू देत न्हाई, आधीच सांगते."

शनिवारी मिस्त्रीला मागं लागून घेऊन गेले. मिस्त्री भला माणूस, पण घाबरट. नसरापूरवरून वेल्हे, वेल्ह्याहून पासली, सगळी वाट तो मोटारसायकलवर मला हेच सांगत होता: "उघडू आपण, पण आतला क्रॉसबी गोलच असंल. एवढी जुनी गाडी. तुमी आशा धरू नका." आमच्या गाडीचा झिजका क्रॉस त्यानं आदल्या दिवशीच काढून फडक्यात बांधून दिला होता, तो माझ्या पर्समध्ये होता. आशा धरायला दुसरं काही नव्हतंच.

स्कूटर गोठ्यात शेळ्यांच्या शेजारी उभी होती. खरंच सीटवर कोंबडी बसलेली. पत्रा गंजून लाल. म्हातारबाबा मला नातं लावून मामाच लागतात, असं मावशीनं बजावलेलं.

"मामा, गाडी नको मला. पोटातला एक तुकडा पायजे."

"इकायची न्हाई म्हटलं ना. सासऱ्यानं लग्नात दिल्याली हाय."

"तुकडा काढला तरी गाडी इथंच राहील."

"मग ती चालंल का?"

दारातून मामी म्हणाल्या, "आत्ता तरी कुठं चालतीया? कोंबडी अंडं देतीया तेवढंच उत्पन्न."

"तू गप."

"का गप? माज्या बापानं दिल्याली. पोरी, ह्यांनी काय केलं ठावं हाय का? दारातनं दुसऱ्यात टाकायची, ती येल्ह्यापातूर दुसऱ्यातच. येताना बी दुसऱ्यातच. चढ आला की गुराखी ढकलायला. सगळी पासली हसायची."

मिस्त्री खदखदून हसला. मामांचा चेहरा उतरला.

"गिअर बदलाय गेलं की गाडी टुणकन उडायची," ते म्हणाले. "कशाला बदलू? माजी काय शर्यत लागली हुती?"

मी मिस्त्रीकडं बघितलं. त्याचं हसणं मध्येच थांबलं होतं. क्रॉस झिजतो तो गिअर बदलून बदलून. आणि हा माणूस घरापासून वेल्ह्यापर्यंत एकदाही बदलत नव्हता.

"मामा, खरंच कधीच नाही बदलला?"

"आता तू बी हस."

"हसत नाही. तुम्ही बदलला नाही म्हणून तर माझ्या बापाची गाडी चालंल." मग आबांचा पाय, तो चढ, आईची नखं, सगळं एका दमात सांगितलं.

मामा शेळीच्या कानामागं खाजवत राहिले. मग म्हणाले, "माजी रिकामी ठेवायची न्हाई. तुमचा झिजका तिच्यात घाला. मूठ फिरली पायजे. आन वरनं काय कळता कामा न्हाई."

मी शब्द दिला. दिला खरा, पण इंजिन खाली उतरवलं तर त्याच्या पेटीची दोन अर्धुकं एकमेकांना चिकटली होती. मिस्त्री रॉकेल सोडायचा, लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारायचा आणि दर ठोक्याला म्हणायचा, "फुटली तर मला बोलू नका." फुटली असती तर क्रॉसही गेला असता आणि त्या माणसाची गाडीही. मामा पायरीवर बसून प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होते. मामींनी चहा आणला, तो तसाच निवला.

शेवटी कट् असं वाजलं. काय फुटलं म्हणून मी पुढं झाले, तर जोड सुटला होता. बाहेर सगळा गंज, पण आत जुनं काळं तेल तसंच होतं. मिस्त्रीनं क्रॉस काढून पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. चारी कोपरे धारदार.

मी कानस काढली. पायरीच्या कडेला क्रॉस दाबून धरला आणि ओढली. घसरली. पुन्हा ओढली. काचेवर ओढावी तशी घसरली.

मिस्त्री म्हणाला, "आयला."

आमचा गोल झालेला क्रॉस आत घालून मिस्त्रीनं मामांची गाडी होती तशी बंद केली. मामांनी उठून मूठ फिरवली. एक. दोन. आणि हात काढून घेतला.

"बास. दोनवर ऱ्हाऊ द्या."

मिस्त्रीनं रात्रीतून मामांचा क्रॉस आमच्या गाडीत बसवला, आणि रविवारी दुपारी आबा चढाच्या पायथ्याला आले तेव्हा मागं पोतं होतं, कॅन होते. मी म्हटलं होतं आधी रिकामी बघू. ते म्हणाले, "रिकामी तर कुनाची बी चढंल." भंगाराचा टेम्पो त्यांनी सोमवारसाठी बोलावून ठेवला होता, तो नको म्हणून अजून सांगितलं नव्हतं.

आई बोटांना चिंधी बांधून उभी होती. हातात उटी.

"ती ठेव खाली," आबा म्हणाले.

"तुमी तुमचं बघा. मी माजं बघते."

पहिला टाकला. गाडी निघाली. आम्ही दोघी मागून भरभर चालायला लागलो. पहिलं वळण गेलं. पुढचा टप्पा गेला. शेवटून दुसऱ्या वळणावर आबांनी काय करावं? नेमकं घळीच्या कडेला गाडी थांबवली. ब्रेकवर.

"आबा, अहो, चला ना!" मी ओरडले.

"हितंच सुटायचा ना? मग हितंच बघायचं," मागं न बघता ते म्हणाले.

आई धावत जाऊन चाकामागं वाकली. दगड जमिनीपासून वीतभर वर धरलेला. आबांनी क्लच दाबला, मूठ फिरवली, ब्रेक सोडला. गाडी हातभर मागं आली. आईनं दगड टेकवला. मी कॅरिअर पकडलं. इंजिनाचा आवाज वाढला, अजून वाढला, आणि मी ठक् कधी होतंय ते ऐकत राहिले.

मग कॅरिअर माझ्या हातातून निसटलं. पुढच्या बाजूला.

आबा वळणापलीकडं गेले. आवाज वर वर जात राहिला, एकसारखा, शेवटचं वळणही घेऊन वाडीकडं. आई दगडापाशी तशीच वाकलेली होती. ती उठली, कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिली. आवाज बंद झाला तेव्हा आम्ही एकमेकींकडं बघितलं. वरून आबांचा खाकरण्याचा आवाज आला, घरी पोचल्यावर ते खाकरतात तसा.

आईनं उटी उचलली. आता तिचं काय करावं हे तिला कळेना. घळीत टाकायला हात वर केला आणि खाली घेतला. मग वळणाच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायाशी, येता-जाता हाताशी येईल अशी ठेवून दिली.

"चल," ती म्हणाली. "टेम्पोवाल्याला फोन लाव, येऊ नको म्हणावं."