समच्छेदासाठी गेलेली भाकरी

मित्रहो, आज दुपारी माझ्या ताटातल्या ज्वारीच्या भाकरीवर घोर अन्याय झाला. मी एक घास घेण्याआधीच तिचे सहा तुकडे झाले. कृपया नोंद घ्यावी.

कारण आमची मुक्ता, इयत्ता पाचवी. उद्या गणिताची परीक्षा, आणि एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे तिच्या मते दोन पंचमांश! वरचं वरच्यात, खालचं खालच्यात मिळवलं की झालं.

"अगं, अर्ध्या भाकरीत आणखी वाढली, तर ती अर्धीपेक्षा कमी कशी होईल?"

"संस्कृतात सांगा, म्हंजे लवकर कळंल तिला," माझ्या संस्कृतच्या वेडाला ओट्याजवळून बायकोचा टोला.

सांगितलंच. छेद म्हणजे कापणं, समच्छेद म्हणजे सारखं कापणं. मग भाकरीचेच सहा सारखे तुकडे केले: अर्धीचे तीन, तिसऱ्या हिश्श्याचे दोन. मुक्तानं मोजले, हसली आणि पाच षष्ठांश लिहिलं. अगदी बरोबर.

मी गंमत म्हणून, काही न बोलता, भुवया चढवल्या.

तिनं झटकन खोडरबर उचललं आणि उत्तर पुसलं. तुकडे समोरच होते, पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"अगं, बरोबर होतं की! पुसलंस कशाला?"

"तुमी तसं बघितलं म्हणून, पप्पा."

ओट्यावरचा भांड्यांचा आवाज थांबला.

तुमच्याही घरी असं होतं का हो? उद्याच्या मार्कांचं मला काही वाटत नाही. माझी लेक मला घाबरते, आणि ते मला आज कळलं.