दाजींचे कांदे आणि अक्का

कांद्यावर जीव टाकणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण कांदा सोडून त्याच्या मुळ्यांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच होता आणि तो नेमका आमच्या थोरल्या अक्काच्या वाट्याला आला. दाजी शाळेत शास्त्र शिकवायचे. भवानी पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत खिडकीच्या फळीवर पाण्याच्या पेल्यांत कांदे बसवलेले असत. एखादा कांदा उठवल्याशिवाय पाहुण्याला पाणी मिळत नसे. मुळीचं टोक कापून, रंगवून, काचेवर चेपून दाजी ते पितळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत आणि दारात येईल त्याला पकडत. टपालवाला सुटला नाही, न्हावी सुटला नाही. चातुर्मासात कांद्याचं नावही न घेणाऱ्या आमच्या वडिलांना, म्हणजे प्रत्यक्ष सासऱ्यांना, त्यांनी नळीला डोळा लावायला लावला. वडिलांनी बघितलं, चांगलं आहे म्हणाले आणि घरी येऊन आंघोळ केली.

मला तर ते दर भेटीत दाखवत. एका पेशीच्या दोन होताना आतले बारीक तंतू आधी दुप्पट होऊन मधोमध उभे राहत, मग निम्मे इकडं, निम्मे तिकडं जात. आईबापांचे नाकडोळे पोरांत याच तंतूंतून उतरतात, असं ते सांगत. वाटणी नीट झालेली दिसली की खुशीत येऊन म्हणत, "सख्ख्या भावांत अशी वाटणी कधी बघितलीस?" अक्का स्वयंपाकघरातून हसायची.

त्या अक्काच्या छातीत गाठ झाली. तिनं ती बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. मागं दाजी विषमज्वरानं अंथरुणाला खिळले होते, तेव्हा तिनं सिद्धेश्वराला लोटांगणाचा नवस बोलला होता. दाजी उठले, नवस मात्र या ना त्या कारणानं राहून गेला. गाठ म्हणजे त्याचीच शिक्षा, असं तिनं मनात धरलं होतं. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं.

मिरजेला शस्त्रक्रिया झाली. गाठ काखेपर्यंत पसरल्याचं डॉक्टरांनी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं. दाजींनी गाठीचा एक तुकडा मागून आणला. घरी त्यांनी तो काचेवर घेतला आणि पहिल्यांदाच कुणाला, तिथंच उभ्या असलेल्या मलाही, हाक मारली नाही. अक्का खाटेवरून म्हणाली, "मला दाखवा."

न्हाव्याला धरून कांदा दाखवणारा हा माणूस म्हणाला, यात बघण्यासारखं काही नाही. तेव्हा ती भिंतीला धरून स्वतःच उठली. तिनं बराच वेळ बघितलं. मग मी बघितलं. इथं तंतू दोन नव्हे, तीन बाजूंना ओढले गेले होते. काही मधेच लटकलेले.

"केवढी घाई झालीय हो यांना," अक्का म्हणाली.

दाजी हळूहळू सांगू लागले. पहिल्यांदा एखाद्याच पेशीचे तंतू बिघडत असावेत. ती दुभंगली की तोच बिघाड तिच्या लेकींत जातो, आणि मग कुठं थांबायचं हे त्यांना उमगत नाही. एका जर्मन शास्त्रज्ञाचा हा तर्क आहे, सिद्ध झालेला नाही, पण मला पटतो, असं ते म्हणाले.

"म्हणजे तुमच्यासाठी बोललेला नवस फेडला नाही म्हणून नव्हे?"

दाजींना नवसाचं ठाऊकच नव्हतं. ते खाली जमिनीवरच बसले. म्हणाले, "नव्हे. तुझ्या हातून काही झालेलं नाही. एका पेशीची वाटणी चुकली, एवढंच."

त्या संध्याकाळी अक्कानं कितीतरी दिवसांनी भूक लागली म्हणून सांगितलं आणि शेंगाचटणीशी भाकरी मागून खाल्ली.

पुढची दिवाळी तिनं बघितली नाही. मी होटगी स्टेशनात नोकरीला लागलो होतो. दाजी रविवारी गाडीनं यायचे आणि फलाटावरच्या बाकावर माझ्याशेजारी बसायचे. शास्त्राचं काही काढायचे नाहीत. म्हणायचे, "तिची लग्नाआधीची एखादी गोष्ट सांग. तेवढीच मी बघितलेली नाही." मी सांगायचो. ते हसायचे आणि तीच पुन्हा सांगायला लावायचे.

आता दाजीही नाहीत. परवा अचानक आठवलं, लहानपणी अक्का चिंचेवर चढून बसायची आणि मी रडेपर्यंत खाली चिंच टाकायची नाही. ही गोष्ट दाजींना कधी सांगितलीच नव्हती. रविवार होता, सोलापूरची गाडी नुकतीच आली होती. माणसं उतरून आपापल्या वाटेनं जाईपर्यंत मी स्टेशनच्या दारात उभा राहिलो.